रेनोच्या ट्रॅक्टरचा पंजा

१८ एप्रिल, शुक्रवार

रेनो पंजा घ्यायचाच म्हणतो! जेवताना अवाक्षर नाही, कॉफी ओतून झाल्यावर एकदम — "आयली, या वर्षी लोडरला पंजा घ्यायचाच." मी ओट्याकडे तोंड करून उभी होते म्हणून बरं. माझा चेहरा त्याला दिसला नाही.

त्याचं चूक नाही. मागची टेकडी अजून तशीच पडली आहे. अळीनं वाळवलेली फरची झाडं नोव्हेंबरच्या वादळात आडवी झाली ती एकमेकांत अडकून बसली आहेत. ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलत्या हातांवर, लोडरवर, बादली आहे; तिच्यात ओंडका राहत नाही, घरंगळतो. मग साखळी बांधा, ओढा, उतरा, सोडा, परत चढा — आणि रेनोचे गुडघे पासष्ट वर्षांचे. पंजा असला की बसल्या जागी ओंडका दातांत धरायचा आणि निघायचं. हिवाळ्याचं सगळं सरपण त्या ढिगात आहे. उन्हाळा कोरडा गेला तर तोच ढीग घरामागे पेटायला तयार. सगळं कळतं मला.

पण टेकडी आणि ट्रॅक्टर हे दोन शब्द एका वाक्यात आले की बाबांच्या ट्रॅक्टरचा आवाज कानात येतो. चौपन्न वर्षं झाली तरी येतो.

१९ एप्रिल, शनिवार

सौना तापवला, अंगणातली वाफेची खोली. लेस्टर आला, दर शनिवारी येतो तसा, बगलेत टॉवेल आणि तोंडात बढाया. पलीकडच्या शेताचा मालक, ट्रॅक्टर आमच्या दुप्पट, आवाज तिप्पट. आधी पुरुष आत, मग मी. मी बाहेरच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होते. फळ्यांच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं हे या दोघांना अजून कळलेलं नाही.

"सहा फुटी घे, दोन जबड्यांचा," लेस्टर म्हणत होता. "एका बाजूला जाडा ओंडका, दुसऱ्या बाजूला बारका — दोन्ही जबडे वेगवेगळे मिटतात. चार फुटी पंजा म्हणजे काय रे? बायका केसांना लावतात तो चिमटा!"

रेनो हसला. "माझा ट्रॅक्टर पण चिमट्याएवढाच आहे."

"म्हणून पंजा तरी मोठा घे."

दगडांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज.

मोठा पंजा म्हणजे मोठा ओंडका. म्हणजे पुढचं ओझं जास्त. म्हणजे मागची चाकं उचलणार. टेकडीवर! मी आत गेले तेव्हा माझ्यासाठी वाफ उरली नव्हती, आणि तरी मला दरदरून घाम फुटला.

२२ एप्रिल, मंगळवार

रेनो झोपला होता दुपारी, म्हणून माहितीपत्रकं उघडली. मी काही यंत्रातली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं सूप ढवळलं. पण वजन मला कळतं.

आमचा लोडर हजार पौंडांच्या थोडं वर उचलतो. तेही बादली जिथे जोडतात त्या खिळीपाशी. ओझं जितकं पुढे तितकी ताकद कमी. आता यातून पंजाचं स्वतःचं वजन वजा! लेस्टरचा लाडका सहा फुटी साडेसहाशे भरतो. म्हणजे उरलं काय? पातेलं उचलायलाच दोन माणसं लागली तर सूप कोण वाढणार? चार फुटी, एका जबड्याचा, तीनशेच्या आत आहे. जबडा एकच, पण पकडेल. लांब ओंडके आधी कापून घ्यावे लागतील. घ्या की! कापायला करवत आहे घरात.

हे रेनोला सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. शांतपणे! मला वाटलं होतं, चिडेल. "बघू," म्हणाला आणि हात खिशात घालून खिडकीशी उभा राहिला.

त्याचं "बघू" मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्याचा अर्थ "माझं ठरलंय".

२६ एप्रिल, शनिवार

लिहूनच टाकते एकदा. नाहीतर हे डोक्यात फिरत राहतं.

मी अकरा वर्षांची. बाबा उतारावरचं गवत कापत होते, जुना ट्रॅक्टर, पुढची दोन्ही चाकं एकमेकांना खेटून. मी आणि आई अंगणात बटाटे निवडत होतो. इंजिनाचा आवाज येत होता. काम चालू असलं की तो आवाज वरखाली होतो — चढाला गुरगुरतो, वळणाला दमतो. मग तो एका सुरात आला. एकाच सुरात. आईनं मान वर केली. मला वाटलं, बाबा थांबून पाणी पीत असतील. आई धावत सुटली होती.

इंजिन तसंच चालू होतं. चाकं वर. एवढंच लिहिते.

त्यानंतर मी कुठल्याही ट्रॅक्टरवर पाय ठेवलेला नाही. रेनो बाहेर काम करतो तेव्हा मी घरात काहीही करत असले तरी एक कान तिकडे. आवाज वरखाली होतोय, आहे. होतोय, आहे. एका सुरात आला की हातातलं टाकून दारात.

त्याला वाटतं, मी हवा खायला येते.

३ मे, शनिवार

आमचं भांडण पंजावरून नाहीच खरं तर. कमानीवरून आहे.

ट्रॅक्टरच्या सीटमागे लोखंडी कमान असते. उलटला तर माणूस चिरडत नाही — कमान उभी असेल तर, आणि पट्टा बांधलेला असेल तर. आमची कमान कायम मागे दुमडलेली! का? तर गोठ्याचं दार ठेंगणं. रेनोच्या आजोबांनी फिनलंडहून आल्यावर स्वतःच्या हातांनी ओंडक्यांचा गोठा बांधला, त्याच्या दारावर कुऱ्हाडीनं तासलेली तुळई, तिच्यावर बांधल्याचं साल कोरलेलं. कमान उभी केली की तिला लागते. रोज दुमडायची, रोज उभी करायची, कोण करणार? म्हणून दुमडलेलीच. आणि दुमडलेली असली की पट्टाही बांधायचा नसतो, उलटताना उडी तरी मारता यावी म्हणून. म्हणजे काहीच नाही. बाबांसारखंच!

इथल्या निम्म्या घरांत हेच. आजोबांचं दार नातवाच्या डोक्यापेक्षा मोठं.

आज मी परत म्हणाले, "तुळई काप. हातभर वर घे."

"आजोबांनी बसवलीय ती."

"आजोबा घोडा बांधायचे तिथे! घोड्याला कमान नव्हती."

लेस्टर सौनातून लालबुंद होऊन बाहेर येत होता. "आयली, तू ना, या माणसाला हेल्मेट घालून जेवायला बसवशील." हसला. रेनो नाही हसला. वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवायला गेला आणि कप कलंडला. सगळी कॉफी टेबलावर. लेस्टरनं चटकन फडकं घेऊन पुसलं. त्या लेस्टरनं, ज्यानं स्वतःच्या घरी कधी बशी विसळली नाही!

८ मे, गुरुवार

आज मेलाच होता.

मी खिडकीत. त्यानं बादलीला साखळी लावून टेकडीवरचा ओंडका उचलला, आडव्या उतारावर. उंच! कितीदा सांगितलं, ओझं जमिनीलगत ठेव. एकदम लोडर हिसका देऊन आणखी वर गेला आणि वरच्या बाजूचं मागचं चाक सुटलं. जमिनीपासून सुटलं. मी पाहिलं. चाकाखाली उजेड दिसला मला.

मग ओंडका खाली आदळला आणि चाकही.

धावत गेले तर तो सीटवर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. चेहरा पांढराफटक. "हात सटकला," म्हणाला.

"कमान!" मी म्हणाले. दुसरं काही सुचेना. "कमान, रेनो, कमान!"

"उतरलं ना चाक परत खाली."

"बाबांचं नाही उतरलं."

तो खाली उतरला आणि मला धरलं. काळ्या माश्या चावत होत्या दोघांना, तरी धरून ठेवलं. त्याचा हात माझ्या पाठीवर थरथरत होता. माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता तो! बरं झालं. घाबरलाच पाहिजे.

९ मे, शुक्रवार

झोप नाही. ट्रॅक्टरला हात लावला नाही त्यानं आज. तेवढीच शांतता.

१४ मे, बुधवार

हँकॉकला यंत्रांच्या दुकानात गेलो. रेनोनं गाडी मला चालवायला दिली. "डोळे चुरचुरतात," म्हणाला.

दुकानदार डुएन, तिशीतला, दाढीवाला, बोलायला गोड. दोन्ही पंजे अंगणात मांडले होते. मोठ्याजवळ गेले आणि दोन पावलं मागे आले. एवढे दात! रेनो त्याच्याभोवती फिरला. वाकून बघितलं. हात खिशातच.

मी डुएनला बाजूला घेतलं. "आमच्या ट्रॅक्टरला हा मोठा लावला तर काय होईल? खरं सांगा. विकायचं म्हणून नको."

त्यानं मान खाजवली. "खरं सांगू? सपाट जमिनीवर चालून जाईल. टेकडीवर माझ्या बापाला मी देणार नाही. आणि कुठलाही घेतलात तरी मागे वजन टांगा, काकू. दगडांची पेटी, काहीही. मागे वजन नाही तर पुढचं ओझं तुम्हाला नमस्कार घालायला लावेल."

मला त्याचा मुका घ्यावासा वाटला!

मग बटणाची गोष्ट निघाली. पंजा मिटायला दोन सोयी असतात. एक स्वस्त — वेगळा दांडा, त्यासाठी एक हात सोडून तिकडे न्यायचा. दुसरी महाग — लोडरच्या दांडीवरच बटण, अंगठ्याखाली. गेल्या महिन्यात रेनो म्हणत होता, बटणं म्हणजे चोचले. आज म्हणतो, बटणच हवं.

"आयली, तू दाबून बघ," म्हणाला. दुकानातल्या नमुन्याच्या दांडीवर.

"मी कशाला?"

"बघ तर. तुझं डोकं चालतं यात माझ्यापेक्षा."

लाडीगोडी! दाबलं. अंगठा कसाबसा पोचला. रेनो डुएनला म्हणाला, "यापेक्षा जरा जवळ येतं का?" डुएन म्हणाला, "येतं." मी तोवर दाराकडे निघाले होते. पलीकडे नवा ट्रॅक्टर उभा होता, रेनो मला त्याच्यावर बस म्हणाला, नुसतं, फोटोसाठी. मी त्याच्याकडे असं बघितलं की परत बोलला नाही.

काही न घेता परतलो. "बघू," म्हणाला. परत बघू!

१७ मे, शनिवार

सौना. भिंतीतून.

लेस्टर, चक्क हळू आवाजात — "तिला सांगितलंस का?"

रेनो — "नाही अजून."

"कधी सांगणार? येऊन पडल्यावर?"

"सांगेन. घाबरते रे ती."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. मोठा घेतला त्यानं! माझ्या पाठीमागे, लेस्टरला हाताशी धरून, सहा फुटी मागवला! आणि येऊन पडला की आयलीला कळणार. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता येत नाही त्याला.

आत गेलेच नाही मी. डोकं दुखतंय म्हटलं.

१९ मे, सोमवार

आज तर कळसच. "उद्या लेस्टरबरोबर ग्रीन बेला जातोय. एक पंजा बघायचाय, वापरलेला."

"मी येते."

"तू कशाला? दिवसभराचा प्रवास."

"तूच म्हणालास ना, माझं डोकं चालतं?"

माझ्याकडे बघितलंच नाही. बूट शोधत होता, बूट पायातच होते.

२० मे, मंगळवार

गेले दोघं पहाटे. लेस्टर चालवत होता.

मी गोठ्यात गेले. ट्रॅक्टर उभा. कमान दुमडलेली, सीट रेनोच्या लांब पायांसाठी पार मागे. जवळ जायचं धाडस झालं नाही. दारातून त्याच्याशी बोलले! म्हणाले, रेनोला मारू नकोस. वेड लागायची वेळ आली आहे.

संध्याकाळी आले ते रिकाम्या हातांनी. लेस्टर थट्टा न करता घरी गेला. रेनोनं पास्टी, बटाटा-मांस भरलेली करंजी, अर्धी टाकली. पंजा कसा होता विचारलं, तर म्हणाला, "होता ठीक."

२५ मे, रविवार

जेवण झाल्यावर मी सगळं बोलले. ओरडले नाही, लिहून ठेवते, ओरडले नाही. म्हटलं, मोठा पंजा घरी आला तर मी बहिणीकडे जाते. मला एका माणसाला ट्रॅक्टरखालून काढताना बघायचं होतं तेवढं बघून झालंय. दुसऱ्यांदा माझ्यात बळ नाही. मला तू हवा आहेस, लाकडं नकोत. गॅस लावू, गारठू, काहीही करू.

त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "मोठा नाही घेत, आयली."

"शपथ?"

"शपथ. तू म्हणतेस तोच. चार फुटी."

मग मी रडले. तोही रडला! रेनो! त्याची आई गेली तेव्हा नव्हता रडला. मला कळेना काय करावं. पंजासाठी एवढं काय रडायचं?

२ जून, सोमवार

शपथ घेतली तरी भीती जात नाही. छोटा पंजाही ओंडका धरतो, छोटा ट्रॅक्टरही उलटतो. कमान तर दुमडलेलीच. आज तो नुसता ट्रॅक्टर धुवायला बाहेर काढत होता तरी मी दारात जाऊन उभी. आवाज एका सुरात. बराच वेळ. गेले बघायला तर तो खाली उभा राहून इंजिनाकडे बघत होता. म्हातारा दिसला एकदम.

१० जून, मंगळवार

चर्चमध्ये बायकांचा कॉफीचा दिवस होता. घरी आले तर गोठ्याकडून करवतीचा आवाज. रेनो एकटा, करवत घेऊन! गाडीचं दार उघडं टाकून पळाले.

रेनो नव्हता करवतीवर. लेस्टर होता, शिडीवर चढलेला. रेनो खाली शिडी धरून. आणि दारावरची तुळई — कापलेली! आजोबांची तुळई! हातभर वर नवी फळी, आणि साल कोरलेला जुना तुकडा रेनोनं कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवलेला. भुश्याचा वास सगळीकडे.

आत ट्रॅक्टर. कमान उभी. ताठ उभी! पट्टा नवाकोरा. मागे दगडांनी गच्च भरलेली पेटी. आणि पुढे चार फुटी पंजा, डुएननं दुपारी आणून बसवून दिलेला. किती लहान, किती साधा दिसत होता! लेस्टरला म्हटलं, "काय रे, चिमट्यावर हसत नाहीस?" त्यानं शिडीवरूनच मान हलवली. "चांगला पंजा आहे, आयली." आणि डोळे पुसले. भुसा गेला असेल.

जिंकले मी! मुलांची शप्पथ — नाहीत आम्हाला, तरी शप्पथ — इतका आनंद लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. वेलदोड्याचा पाव भाजला, रात्रीच्या जेवणालाच कापला. रेनोला म्हटलं, वीस वर्षं मी घसा फोडतेय, तू ऐकलं नाहीस. आता कसं ऐकलंस?

"ऐकलं खरं," म्हणाला.

आज मी झोपणार. कान बंद करून झोपणार.

११ जून, बुधवार

सकाळी एकटीच गोठ्यात गेले. उभी कमान नीट बघावी म्हणून. सीट पुढे सरकवलेली होती. पार पुढे, माझ्या पायांच्या मापाला.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. रेनो दारात येऊन थांबला होता. हात खिशात.

"ग्रीन बेला पंजा बघायला नव्हतो गेलो, आयली."

मग त्यानं हात बाहेर काढले. दोन्ही. आज लपवले नाहीत. उजवा थांबतच नव्हता.

"डॉक्टर कंपवात म्हणतात. औषधं आहेत, पण यंत्रावर आता मी नाही. लेस्टर किती दिवस येईल?" आणि मग, "चढ. मी इथेच आहे. दांडीवरचं बटण बघ, तुझा अंगठा पोचतो का."

चढले. पट्टा बांधला.

पोचतो.